नोव्हेंबरअखेर फ्रान्सच्या खेड्यात मुक्काम: वेडेपणा आहे का?

मुलुंडचा_मुसाफिर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

आमच्या ऑफिसात मे महिन्याची रजा आधी शाळेत जाणारी पोरं असणाऱ्यांना मिळते. आमचा मुलगा बंगळुरूला नोकरीला लागला, तेव्हापासून माझा नंबर कायम शेवटचा. यंदाही पीएल शिल्लक आहे आणि ३१ डिसेंबरला ती बुडणार. साहेब म्हणाले, नोव्हेंबरअखेर जा, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर परत या.

बायकोने अलियाँस फ्रान्सेझमध्ये फ्रेंचच्या दोन लेव्हल केल्यात. तिला पॅरिस-स्विस-इटलीची धावपळ नको. एखाद्या खेड्यात घर घेऊन राहायचं, बाजारात जाऊन भाजी आणायची, लोकांशी मोडकंतोडकं बोलायचं, एवढंच तिच्या डोक्यात आहे. दोर्दोन्य नदीच्या बाजूला सार्ला नावाचं गाव आहे, त्याच्या आसपासची घरं ती रोज रात्री मला मोबाइलवर दाखवते. आठवडाभराचं भाडं पॅरिसच्या बऱ्या हॉटेलच्या दोन रात्रींएवढं. विमानाचं तिकीटही मे महिन्यापेक्षा बरंच खाली आहे.

दादरच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "साहेब, नोव्हेंबरात तिकडे कोण जातं? लॅव्हेंडर नाही, सूर्यफूल नाही, साडेपाचला काळोख. त्यापेक्षा दुबई करा." आणि दुबईचं पत्रक हातात ठेवलं.

सोबत आई आहे. वय ७१, चालतीफिरती, गुडघे कुरकुर करतात. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. खरंच सगळं बंद असतं का? थंडी आईला झेपेल का? गाडी न चालवता निभेल का? आणि तिने खायचं काय?

बोरिवली_फास्ट

ट्रॅव्हलवाल्याने स्वतःच्या पोटावर पाय देऊन खरं सांगितलं, त्याला चहा पाजा. बंद दुकानांची कुलुपं बघायला लाखांनी पैसे घालवायचे? युरोप म्हणजे जून. तिकीट स्वस्त असतं त्याला कारण असतं. आईला घेऊन तर अजिबात नको.

माहीमची_फराळवाली

मुसाफिर, आधी एक खुलासा. माझा फराळाचा धंदा आहे. गणपतीपासून दिवाळीपर्यंत घरात बसायला जागा नसते, नुसते डबे आणि पिंपं. तुळशीचं लग्न लागलं की माझी सुट्टी सुरू, म्हणून मला युरोप दिसला तो नोव्हेंबर-डिसेंबरातच. भाची बोर्दोला असते, तिच्यामुळे पेरिगोरची सवय झाली. तुम्ही म्हणताय तो सार्लाचा भाग म्हणजेच पेरिगोर. जूनमधला फ्रान्स मी पाहिलेला नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही.

बोरिवली_फास्ट, कुलुपांबद्दल तुम्ही म्हणता ते निम्मं खरं आहे. नदीत पर्यटकांना फिरवणाऱ्या सपाट बुडाच्या होड्या ईस्टरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालतात. पादिराकचं मोठं विवर, जिथे जमिनीखालच्या नदीत होडीने जातात, तेही नोव्हेंबरात बंद होतं ते थेट वसंतात उघडतं. ला रोक-गाजाक, बेनाक ही नदीकाठची चित्रातली गावं आहेत ना, तिथली आइस्क्रीमची, साबणांची, टोप्यांची दुकानं फळ्या लावून मोकळी होतात. कित्येक हॉटेलांच्या दारावर वार्षिक सुट्टीची पाटी. हे सगळं खरं. पण बंद होतं ते पाहुण्यांसाठी मांडलेलं दुकान. पाववाला, औषधवाला, आठवडी बाजार, शाळा, टपाल, गावातला कॉफीचा अड्डा, हे गावकऱ्यांसाठी असतं, ते बारा महिने चालू. तुमच्या बायकोला जे हवंय ते या दुसऱ्या यादीत आहे. ऑगस्टमध्ये सार्लाच्या गल्लीत कुणाला फ्रेंचमध्ये "बोंजूर" म्हणायला गेली तर समोरचा इंग्रजीत उत्तर देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. नोव्हेंबरात चीजवाली बाई तिला अर्धा तास सोडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ऑफ-सीझनला जायचं तर "तेच सगळं, पण स्वस्तात" असा हिशोब करू नका, पदरी निराशा येईल. रोज एक किल्ला आणि दोन गावं असा बेत आखायचा असेल तर खरंच दुबईला जा. एकाच घरात राहायचं, सकाळी बाहेर पडायचं, अंधाराआधी घरी, आणि घर ऊबदार. हे आवडणार असेल तर या दिवसांसारखे दिवस नाहीत.

सकाळचं सांगते. या मोसमात तिकडे आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि दोर्दोन्यच्या खोऱ्यात धुकं भरलेलं असतं. दोम नावाचं डोंगरमाथ्यावरचं गाव आहे, १२८१ साली आखून वसवलेलं. त्याच्या कठड्याशी दहाच्या सुमारास उभं राहिलं की खाली नदी नाही, शेतं नाहीत, नुसता पांढरा पडदा. अकरापर्यंत तो मधूनमधून फाटायला लागतो. आधी पॉपलरच्या झाडांचे शेंडे, मग एखाद्या घराचं धुराडं, शेवटी नदीचं वळण. आम्ही गेलो तेव्हा कठड्याशी आम्ही दोघं आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा, बस. आमच्या ह्यांना थंडीचा तिटकारा आहे, सारखे "चला आता, चला आता" चालू होतं, पण पाय निघत नव्हता त्यांचाही.

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. शनिवारचा मोठा. गावात सेंत-मारी नावाचं जुनं चर्च आहे, त्यात आता बंदिस्त मंडई भरते. त्याला लोखंडाची अवाढव्य दारं बसवलीत ती जाँ नुवेल या वास्तुविशारदाने, त्याचं लहानपण याच गावात गेलं. जुनी गावं जशीच्या तशी राखायचा कायदा फ्रान्सने १९६२ मध्ये केला, त्याचा पहिला लाभ मिळालेल्यांत सार्ला आहे. ही माहिती भाचीने पुरवली, मला रस होता तो अक्रोडांत. पेरिगोरचा अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतो, वाळतो आणि नोव्हेंबरात बाजारात पोत्यांनी येतो. फ्रांकेत नावाची जात मला आवडली. साल पातळ, गर अख्खा निघतो. क्रॉफर्ड मार्केटला मी इतकी वर्षं सुकामेवा घेते, पण कडवटपणा नसलेला अक्रोड तिथे पहिल्यांदा खाल्ला. आपल्याकडे येईपर्यंत तो जुना झालेला असतो हे तेव्हा कळलं.

सार्लापासून जवळ सेंत-नातालेन गावाजवळ पाणचक्कीवर चालणारा जुना घाणा आहे. जाण्याआधी फोन करून घाणा कधी चालतो ते विचारा, रोज चालत नाही. गर दगडाच्या जात्याखाली चिरडतात, मग तो लगदा लोखंडी कढईत घेऊन खालून जाळ घालून परततात, आणि गरम असतानाच दाबाखाली घालतात. परतणारा माणूस घड्याळाकडे बघत नव्हता. मध्येच नाक पुढे करायचा, परत उलथणं फिरवायचा. लाडवाचं बेसन भाजताना जसा एका क्षणी वास बदलतो आणि हात आपोआप गॅसकडे जातो, अगदी तसं त्याने एकाएकी कढई ओढली. त्यानंतरची धार सोनेरी आणि घरभर वास. उरलेली पेंड गुरांना जाते. हे तेल तापवायचं नाही, कडू होतं. वरून ओतायचं. लवकर खवट होतं म्हणून लहान बाटली घ्या, घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत द्रवाची अडचण येईल.

आता लास्को. आदिमानवाच्या चित्रांची ती प्रसिद्ध गुहा १९४० मध्ये सापडली आणि माणसांच्या श्वासाने चित्रं बिघडायला लागली म्हणून १९६३ मध्ये बंद केली. हल्ली तिथल्याच मोंतिन्याक गावाला २०१६ पासून तिची पूर्ण प्रतिकृती बघायला मिळते. ती जानेवारीत काही दिवस बंद असते, तुमच्या तारखांना उघडी असायला हरकत नाही. अस्सल रंगीत चित्रं पाहायची तर लेझेझीजवळची फों-द-गोम गुहा. तिथे दिवसाला मोजकीच माणसं आत सोडतात, उन्हाळ्यात त्यासाठी मारामार असते. या दिवसांत तुलनेने सोपं, तरी आधी बुकिंग कराच. आत चिंचोळं आहे आणि वर चढून जावं लागतं, गुडघे पाहून ठरवा. कास्तेलनोचा किल्ला आणि मार्केसाकची बाग मात्र वर्षभर उघडी असतात.

आईंच्या जेवणाचं वेगळं लिहिते, आता कढई चुलीवर आहे.

घोडबंदरचा_ड्रायव्हर

काकूंनी मस्त लिहिलंय. मी कंपनीच्या कामाने तुलूझला होतो, तेव्हा शनिवार-रविवार त्या बाजूला गाडी पिटाळायचो. गाडीबद्दल सांगतो.

गाडीशिवाय? बोर्दोहून सार्लापर्यंत लोकल रेल्वे जाते, तिथेच ती संपते. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून बोर्दो टीजीव्हीने, म्हणजे त्यांच्या अतिवेगवान गाडीने, दोन तासांच्या आसपास. इथवर रेल्वे झकास. पण पुढे खेड्यात बस म्हणजे मुख्यतः शाळेच्या पोरांसाठी, सकाळी एक आणि दुपारी एक, शाळेला सुट्टी असली की तीही नाही. आईला घेऊन जाताय तर एक तर घर सार्ला गावातच घ्या, नाही तर गाडी घ्या. अर्धवट काही करू नका.

गाडी घेतलीत तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा आणि मूळ लायसन्सही सोबत हवं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा, तिकडे अजून गिअरवाल्या गाड्यांचाच जोर आहे. लहान स्टेशनांजवळची भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं दुपारी बारा ते दोन जेवायला बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत, गाडीची वेळ त्या हिशोबाने घ्या.

पंपावर "गाझोल" लिहिलेलं दिसेल, ते डिझेल! नाव पेट्रोलसारखं वाटतं म्हणून पेट्रोलच्या गाडीत भरू नका. रविवारी पंपावर माणूस नसतो, कार्ड आणि पिन टाकून स्वतः भरायचं. साध्या दुपदरी रस्त्यावर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ८०, मोटरवेवर १३० आणि पाऊस असेल तर ११०. उजवीकडून येणाऱ्या गल्लीतल्या गाडीला काही ठिकाणी आधी जाऊ द्यावं लागतं, पाटी नसली तरी. खेड्यात हे फार जपायचं.

१ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा चेन बाळगायचा कायदा आहे. सार्लाच्या आसपास याची गरज पडत नाही, पण उत्साहाने पूर्वेकडे ओव्हेर्न्यच्या डोंगरात शिरणार असाल तर गाडी घेतानाच विचारा.

व्हिसा: फ्रान्सचा शेंगेन, अर्ज व्हीएफएसमध्ये, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात. फी मोठ्या माणसाला ९० युरो, सर्व्हिस चार्ज वेगळा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतोच. आईचा विमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते नीट वाचा, स्वस्तातला विमा तिथेच हात वर करतो. एप्रिल-मेमधल्या अपॉइंटमेंटच्या रडकथा या मोसमात नसतात.

कांदिवली_ठाकूर_व्हिलेज

मी थोडा विरजणाचा थेंब टाकते. आम्ही याच हिशोबाने जानेवारीत प्रोव्हान्सला, म्हणजे फ्रान्सच्या आग्नेय भागात, गेलो होतो. लॅव्हेंडर जूनच्या मध्यापासून जुलैत फुलतं हे ठाऊक होतं, तरी शेतं बघायला गेलोच. राखाडी खुंटांच्या रांगा, बस. आणि मिस्त्राल! रोन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा तो उत्तरेचा वारा. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि अंगावरचं जॅकेट फाडून नेईल असा गारठा. गोर्द गावात चहा मिळेना. माझी मुलगी रडकुंडीला आली होती.

एवढं सगळं होऊन रूसियोंचे लालपिवळ्या गेरूचे कडे त्या तिरप्या उन्हात बघितले ते विसरणार नाही, आणि आव्हिन्योंचा पोपचा राजवाडा जवळजवळ रिकामा मिळाला. तरी पुन्हा हिवाळ्यात गेले तर फेब्रुवारीत समुद्राकडच्या बाजूला जाईन. बोर्म-ले-मिमोझा ते ग्रास या पट्ट्यात तेव्हा पिवळा मिमोझा फुलतो, माँतोंला लिंबांचा उत्सव असतो. तिथे मात्र गर्दी असते, आणि फेब्रुवारीत त्यांच्या शाळांना विभागवार हिवाळी सुट्टी असते ती बघून जायचं.

आणि हो, कुणी पूर्वेकडच्या आल्सास प्रांताचं सुचवेल. तिथल्या स्ट्रासबर्गचा नाताळबाजार १५७० पासूनचा आहे, छानच, पण नोव्हेंबरअखेर तो सुरू झाला की तिकडे ऑफ-सीझन संपला. पाऊल ठेवायला जागा नाही आणि खोल्यांचे भाव डोक्यावर.

बोरिवली_फास्ट

बघा, मी काय सांगत होतो! वारा, खुंट, रडारड.

माहीमची_फराळवाली

अहो पण त्या प्रोव्हान्सला गेल्या, हे पेरिगोरला चाललेत. मिस्त्राल इकडे येत नाही. इकडे पाऊस येतो. दिवसभर धोधो नाही, भुरभुर. तापमान दुपारी दहा-बाराच्या घरात, रात्री त्याहून बरंच खाली. थंडीपेक्षा ओल त्रास देते. आईंना दोन थर्मल, लोकरीची टोपी आणि मुख्य म्हणजे न घसरणारे, पाणी न शिरणारे बूट. गल्ल्यांत दगडी फरशी असते आणि तिच्यावर ओली पानं. साडीवर स्वेटर हा प्रकार चालणार नाही, आईंना पंजाबी ड्रेसवर तयार करा. माझ्या सासूबाई असत्या तर याच मुद्द्यावर बेत मोडला असता.

घर घेताना भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका. हिवाळ्यात कित्येक घरांना हीटिंगचे पैसे वेगळे असतात, चादरी-टॉवेलचे वेगळे, शिवाय माणशी रोजचा पर्यटनकर. आमच्या एका घरमालकिणीने निघताना विजेच्या मीटरचा फोटो दाखवून जो आकडा सांगितला, त्यात फराळाचे चांगले दहा डबे गेले असते. करारात लिहिलेलं होतं, तिचं चूक नव्हतं, पण भाचीने तिला विचारायला हवं होतं. लाकडाची शेगडी असेल तर लाकूड भाड्यात धरलंय का तेही विचारा. तिकडे लाकूड "स्तेर"ने मोजतात, एक स्तेर म्हणजे रचलेलं एक घनमीटर. आणि झोपायची एक खोली तळमजल्यावर आहे का ते बघा. जुन्या दगडी घरांचे लाकडी जिने शिडीसारखे उभे असतात, फोटोत ते कळत नाही.

आता जेवण. सुरुवातीलाच सांगते, पेरिगोर म्हणजे बदकांचा मुलूख. बटाट्याच्या काचऱ्या दिसायला साध्यासुध्या, पण सार्लाच्या पद्धतीच्या असतील तर बदकाच्या चरबीत परतलेल्या. लसणाचं "तूरँ" नावाचं सूप असतं, तेही त्याच चरबीत आणि वर अंडं. म्हणजे भाजीचं सूप म्हणून मागवाल आणि फसाल. बायकोला विचारायला लावा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, बदकाची चरबी नाही. चारही वेगवेगळं विचारायचं. नुसतं "शाकाहारी" म्हटलं की हमखास ऑम्लेट येतं. बकरीच्या दुधाच्या गरम चीजचं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं, पण वर कधी कधी बदकाच्या मांसाचे तुकडे घालतात, ते नको म्हणून सांगा. अक्रोडाचा टार्ट गोडाला असतो, त्यात बहुधा अंडं असतं. चीजचं एक गुपित असं की पारंपरिक चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आईंना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही घरात ठरवा, मी मध्ये पडणार नाही.

त्यामुळे खरा आधार घरचं स्वयंपाकघर. बहुतेक घरांत इंडक्शन असतं, म्हणून कुकर न्यायचा तर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचाच. तूरडाळ, मूगडाळ, गोडा मसाला, हिंग, आमसुलं, पोहे इथून न्या. सामान बांधताना एक लक्षात ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काही नाही. ताजी भाजी, फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांनाही कागदपत्रं लागतात. केळी, नारळ, खजूर, अननस यांना मात्र सूट आहे. म्हणून मी नारळ नेते, कढीपत्ता नाही. फराळातला चिवडा, शेव, तेलाची चकली नेते, तुपातलं काही नेत नाही.

तुपाचं वाईट वाटून घेऊ नका. तिकडचं लोणी उत्तम. पाकिटावर "दू" लिहिलेलं घ्या, "दमी-सेल" खारट असतं. पाव किलो कढवलं की आईंचं आठवड्याचं तूप झालं. बाजारात या दिवसांत लाल भोपळा ढिगांनी, गाजर, कोबी, लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी), चेस्टनट, रताळी. भोपळ्याची भाजी मी मेथीची फोडणी देऊन करते, घरमालकीण वासाने विचारायला आली होती. लपूईच्या हिरव्या मसूरांची आमटी मस्त होते, अख्ख्या मसुरासारखीच पण शिजून गाळ होत नाही. आणि गरम मऊ भातावर ते घाण्याचं अक्रोडाचं तेल नि मीठ. हे एकदा करून बघा, मग मला लिहा.

बाहेर जेवायचं तर दुपारी. बारा ते दीडच्या आत टेबलावर बसा, दोन वाजता स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद, हातापाया पडून उपयोग नाही. रविवारी संध्याकाळ आणि सोमवार बहुतेक ठिकाणी सुट्टी.

एक धोक्याचं. शिकारीचा मोसम सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर चालतो. रानातल्या पायवाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली, किंवा नारिंगी जॅकेटवाली माणसं बंदुका घेऊन दिसली, तर मागे फिरा. रविवारी रानात शिरूच नका, नदीकाठाने चाला. फिरायला जाताना भडक रंगाचे कपडे घाला. गाडीत पिवळं चमकणारं जॅकेट ठेवणं तिकडे सक्तीचं आहे, भाड्याच्या गाडीतलं तेच काढून चढवा. आमच्या ह्यांनी ते घातलं आणि पूर्ण रस्ता मला म्हणत होते, मी ट्रॅफिक वॉर्डन दिसतो.

ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी ती महागडी अळंबी, तिच्याबद्दल कुणी विचारेलच म्हणून. काळ्या ट्रफलचा मोसम डिसेंबरपासून. दक्षिणेला लालबांक गावात दर मंगळवारी दुपारी बाजार भरतो. बाकावर टोपल्या, टोपल्यांवर कापड, विकणारे एका बाजूला, घेणारे दुसऱ्या, मध्ये दोरी. वेळ झाल्याचा इशारा झाला की दोरी खाली, आणि कुजबुजत सौदे. भाव किलोला हजार युरोच्या आसपास जातो, पण बघायला पैसे पडत नाहीत. तुमचा शेवटचा मंगळवार डिसेंबरात येत असेल तर बाजार सुरू झालाय का ते विचारून जा.

मुलुंडचा_मुसाफिर

फराळवाली काकू, घोडबंदरचे ड्रायव्हर, कांदिवली, मनापासून आभार. बायकोने हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "गव्हाची कणीक मिळेल का तेवढं विचार." म्हणजे तिचं जायचं ठरलंय. बायको म्हणते घर गावातच घेऊ आणि गाडी मधले दोनच दिवस. एक शंका: आईला मधेच काही झालं तर? बीपीच्या गोळ्या चालू आहेत. आणि शनिवारी पोचावं म्हणतोय, बाजार मिळेल म्हणून.

घोडबंदरचा_ड्रायव्हर

गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, आणि काही दिवसांच्या जास्तीच्या. हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. तातडीला ११२, कुठूनही. रुग्णवाहिकेचा थेट नंबर १५. रात्री किंवा रविवारी कुठलं औषधाचं दुकान चालू आहे ते ३२३७ वर कळतं. हिरव्या क्रॉसच्या दुकानातला फार्मासिस्ट बारीकसारीक दुखण्याला चांगला सल्ला देतो, आधी तिथेच जा. खेड्यात डॉक्टरची वेळ चटकन मिळत नाही, गाव सार्लाच ठेवताय हे म्हणूनही बरं.

माहीमची_फराळवाली

कणीक मिळते, पण फ्रेंच मैदासदृश पीठ आणि आपली कणीक यांत पोळी लाटताना फरक पडतो. आईंच्या हाताला सवय नसेल तर दोन किलो इथूनच न्या, वजनात बसतं.

शनिवारी पोचू नका. बोर्दोहून येणारी गाडी सार्लाला लागेपर्यंत बाजार उठलेला असतो, पुढे रविवार आणि सोमवार, बरीच दुकानं बंद. पहिले दोन दिवस सामानाची ओढाताण होईल, आणि आईंसमोर पहिल्याच रात्री ऑम्लेट येईल. मंगळवारी संध्याकाळी पोचा, मोठं सुपरमार्केट उघडं मिळेल, बुधवारी सकाळी बाजार. परतीचं तिकीटही रविवारचं काढू नका, गाड्या कमी असतात. आणि बोरिवली_फास्ट, तुम्हाला चकली पाठवते, पत्ता खाजगीत कळवा.